वडिलांचा डेपो, नवऱ्याचं यंत्र

माझं लग्न कंपनीनं जुळवलं आणि पुढे तीच ते मोडायला निघाली. कंपनी विलायती, चहा विकणारी. माझे वडील तिच्या मलकापूरच्या डेपोचे मुख्य होते, आणि ज्यांच्याशी माझं लग्न झालं ते मुंबईच्या मुख्य कचेरीत, यंत्राच्या खात्यात. बाबा कसल्याशा बैठकीला मुंबईला गेले असताना तिथल्या एका अधिकाऱ्यानं विषय काढला. तुमच्याकडे मुलगी आहे, आमच्याकडे पुण्याचा एक हुशार मुलगा आहे. बाबा खूश झाले. एकाच कंपनीतला जावई म्हणजे घरचाच माणूस, असं त्यांना वाटलं. घरच्या माणसाशी जसं वैर करता येतं तसं परक्याशी करता येत नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमचं वऱ्हाड त्याआधीच नागपूरकडून मुंबईकडे गेलं होतं आणि बाबांना त्याचाही राग होता. "आधी नागपूरले इचारा लागे, आता मुंबईले इचारा," असं ते पेढे वाटायला आलेल्या शेजाऱ्यालाही म्हणाले होते. पेढा मात्र खाल्ला.

डेपो स्टेशनाजवळ होता. पत्र्याचं लांब गोदाम, आत छतापर्यंत चहाच्या लाकडी पेट्या. मलकापूर, मोताळा, बुलडाणा, चिखली, मेहकर, एवढ्या सगळ्या मुलखाला चहा तिथून जायचा. कुठे किती पाठवायचा ते बाबा ठरवायचे आणि मुंबईला तेवढा मागवायचे. त्यांची रीत त्यांनीच बसवलेली होती. मलकापुरात कापसाच्या गाड्या यायला लागल्या, की सरकी काढायच्या जिनांच्या आसपासच्या हॉटेलांना बारीक भुकटी दुप्पट लागते. मोताळ्यात सगळी विक्री बाजाराच्या दिवशी, तीही छोट्या पुड्यांची. मेहकरचा व्यापारी एकदाच पेटी उचलतो आणि महिनाभर तोंड दाखवत नाही. प्रत्येक तालुक्याचा हिशेब बाबा वेगळ्या पद्धतीनं ठेवायचे आणि मुंबईला त्याचा गोषवारा पाठवायचे. तो मुंबईत कुणाला नीट वाचता येत नसे. त्यांना त्याचा अभिमान होता.

मला हे सगळं माहीत आहे कारण आमच्या घरात दुसरं बोलणंच नव्हतं. लग्न होऊन मुंबईला दोन खोल्यांत गेले तर तिथेही चहाच. फरक एवढाच, की नवरा पेट्यांबद्दल बोलत नसे, कार्डांबद्दल बोले. त्यांच्या कचेरीत मोठी यंत्रं आली होती. जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडायची, ती कार्डं यंत्रात घालायची, की यंत्र त्यांची वर्गवारी करून बेरजा छापून देई. विलायतेतल्या साहेबांना सगळ्या देशांचे, सगळ्या डेपोंचे आकडे एका साच्यात हवे होते. त्यासाठी प्रत्येक डेपोला, प्रत्येक व्यापाऱ्याला, चहाच्या प्रत्येक जातीला एक नंबर. माल कुठे किती जायचा ते यापुढे मुंबईतच ठरणार. डेपोनं फक्त नंबर भरून कागद पाठवायचे.

"आणि डेपोच्या माणसांनी काय करायचं?" मी एकदा विचारलं.

"पेट्या मोजायच्या," ते म्हणाले.

ते हे वाईट मनानं म्हणाले नव्हते, म्हणूनच मला जास्त लागलं.

पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आले ते हिवाळ्यात. जिनांचे भोंगे वाजत होते, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली होती, आणि आई रोज मला समोर बसवून तुपाचा गोळा भातावर घालत होती. मी आल्यावर थोड्याच दिवसांत मुंबईहून बाबांना कळवण्यात आलं, की मलकापूर विभाग मुंबईच्या यंत्राखाली आणायचा, की त्याची स्वतःची पद्धत चालू ठेवायची, याची पाहणी करायला एक माणूस येत आहे. तो माणूस म्हणजे माझा नवरा.

आई आधी हरखली. जावई येणार, तेही मुक्कामाला. मग बाबांचं तोंड बघून स्वयंपाकघरात निघून गेली.

"जवाई म्हणून येऊन राह्यले का तपासनीस म्हणून?" बाबांनी मला विचारलं.

"मला काय माहीत?"

"तुले माहीत नाही तं कोणाले माहीत?"

नवरा उतरले तेव्हा बाबा स्टेशनावर गेले नाहीत. डेपोतला हमाल बॅग घेऊन आला. घरात शिरल्यावर नवऱ्यानं वाकून नमस्कार केला आणि बाबांनी आशीर्वाद देण्याऐवजी "गाडी लेट होती का?" विचारलं. जेवताना आईनं झुणका, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा वाढला. नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तिखट आहे," ते म्हणाले. बाबा म्हणाले, "वऱ्हाड हाय."

पहिला आठवडा असाच गेला. डेपोत काय झालं ते मला दोघांकडून वेगवेगळं कळायचं. बाबा आल्याआल्या ओसरीत कोट काढताना सांगत, "आज इचारलं मले, ह्या दुकानदाराले जास्त माल काऊन. म्हणलं, त्याच्या दुकानासमोर एसटी थांबते. तं म्हणे, ते कागदावर कुठंय?" नवरा मागच्या खोलीत सांगत, "तुझे बाबा उद्या अंथरुणाला खिळले तर हा डेपो चालणार कसा? सगळं त्यांच्या डोक्यात. आणि चिखलीचा तो व्यापारी, त्याला दरवेळी आधी माल मिळतो. का? तर तो बाबांचा शाळेतला दोस्त."

चिखलीचं खरं होतं. तो गृहस्थ दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला असायचा. मी नवऱ्याला ते सांगितलं नाही आणि बाबांना नवऱ्याचं बोलणं सांगितलं नाही. आई म्हणाली, "दोघायचंबी जेवण मीच करतो आणि दोघंबी माह्याशी बोलत नाहीत. तुह्याशीच बोलतात. तू तं काही करतबी नाहीस."

मग एक बदल झाला. नवऱ्यानं एके दिवशी विचारलं, की मोताळ्याचा बाजार बघता येईल का. बाबांनी कंपनीची जीप काढली. दोघं सकाळी गेले ते संध्याकाळी परतले, कपड्यांवर धूळ, आणि बाबा हसत होते. बाजारात कंपनीचा एक विक्रेता होता, हातगाडीवर चहा करून लोकांना पाजायचा आणि पुड्या विकायचा. त्यानं नवऱ्याला लागोपाठ चहा पाजून हैराण केलं म्हणे. पुढे ते मेहकरला गेले, व्यापाऱ्यांना भेटले, बालाजीचं दर्शन घेऊन आले. बाबा प्रसाद आईच्या हातावर ठेवत म्हणाले, "पोरगं ध्यान देऊन ऐकते. डोकं आहे त्याले."

त्यानंतर बाबांना थांबवणं अवघड झालं. जेवताना ते वाटीनं ताटात नकाशा मांडायचे. ही वाटी मलकापूर, हा मिठाचा ढीग मोताळा, ही लिंबाची फोड मेहकर. आयुष्यात पहिल्यांदा मुंबईचा कुणीतरी त्यांना विचारत होता. नवरा मान डोलावत होते, टिपून घेत होते, मध्येच चांगला प्रश्न विचारत होते. मला वाटलं, सुटलो आपण सगळे. मी नवऱ्याकडे बघून हसलेसुद्धा.

एका दुपारी बाबा डेपोत होते आणि नवरा डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आले होते. मी बाजेवर बसून जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत होते. मी सहज म्हणाले, "बाबा किती खुललेत. त्यांची पद्धत राहील ना तुमच्या अहवालात?"

"राहील कशी? ते ठरलंय."

"काय ठरलंय?"

"सगळं मुंबईतून. मलकापूर काय, सगळेच विभाग. मी गाडीत बसायच्या आधीच ठरलंय. वरून, विलायतेतूनच."

मी सुई कापडात टोचून ठेवली. "मग तुम्ही इथं काय करताय?"

"पाहणी. कुणाला विचारलंच नाही, असं नको व्हायला. प्रत्येक डेपोत कुणी ना कुणी जाऊन आलंय."

"आणि बाबांना हे माहीत आहे?"

"त्यांना कशाला सांगायचं? बिचाऱ्यांना आनंद होतोय. होऊ दे की."

बिचाऱ्यांना. माझे वडील खाष्ट होते, हेकट होते, चिखलीच्या दोस्ताला आधी माल द्यायचे. पण बिचारे म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. मी नवऱ्याला म्हणाले, तुम्ही आज त्यांना सांगा. ते म्हणाले, कंपनीची गोष्ट आहे, मला सांगता येणार नाही, आणि तूही सांगायची नाहीस. असं म्हणून ते कपाळाला बाम चोळून झोपले. शांत झोपले.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर बाबांनी वाटी सरकवली. लग्नसराईत खेड्यापाड्यांतून अचानक मागणी कशी येते आणि त्यासाठी माल आधीच कसा आणून ठेवावा लागतो, ते सांगायला लागले. नवरा पेन्सिल शोधत होते. मला ती पेन्सिल सहन झाली नाही.

"बाबा, नका सांगू," मी म्हणाले. "ते ठरलंय. हे यायच्या आधीच मुंबईत ठरलंय. हे नुसते विचारायला आलेत."

आईच्या हातातली पळी वरणात तशीच राहिली. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. जावयाकडे पाहिलं.

"खरं हाय का?"

"माझ्या हातात नव्हतं ते," नवरा म्हणाले.

"हातात नव्हतं, समजलं. तोंडात तं होतं?"

बाबांनी ताट पूर्ण संपवलं, एकही घास न टाकता, उठून हात धुतले आणि बाहेर गेले. मागच्या खोलीत नवरा दात आवळून मला म्हणाले, "तू नक्की कुणाची आहेस?"

"मी काय चहाची पेटी आहे? कुणाच्या तरी गोदामात असायलाच पाहिजे?"

त्या रात्रीपासून बाबा जावयाशी मराठीत बोलले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. ते इंग्रजीत बोलायला लागले, कचेरीतल्या पत्रासारखं. सकाळी न्हाणीघराच्या दारात उभे राहून म्हणायचे, "प्लीज हॅव युवर बाथ." जेवायच्या वेळी, "द मील इज रेडी." नवरा थँक यू म्हणायचे. आई मला विचारायची, "काय म्हणून राह्यले हे?" आणि मी म्हणायचे, "जेवायला बोलावतायत." तेवढं एक वाक्य भाषांतर करायलाही मला लाज वाटे.

पाहणी संपवून नवरा मुंबईला गेले. त्यानंतर मला मुलगी झाली. तार गेली, उत्तराची तार आली, अभिनंदनाची. बारशाला ते आले नाहीत. यंत्राचं काम आहे, महत्त्वाचा टप्पा आहे, असं कळवलं. पाळण्याजवळ बायका विचारत राहिल्या, पोरीचा बाप कुठं हाय? आई म्हणाली, मुंबईत भोकं पाडून राह्यले. कुणाला कळलं नाही, पण सगळ्या हसल्या.

मुंबईचा हुकूम थोड्याच दिवसांत आला. सोबत नंबरांची छापील यादी आणि कागद भरायच्या सूचना. नंबर यादीप्रमाणेच भरावेत, डेपोनं स्वतःच्या मनानं त्यात काही बदल करू नये, हे खाली रेघ ओढून लिहिलेलं. एका रविवारी बाबा ती यादी घरी घेऊन बसले होते. मी मुलीला पायांवर घेऊन तेल लावत होते. आणि बाबा हसायला लागले. कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना पाहून मीही हसले आणि विचारलं, काय झालं?

"मुंबईवाल्यायले दोन मलकापूर एकच वाटते," ते म्हणाले. "एक आपलं. दुसरं तिकडं कोल्हापुराकडं. तिथं एक लहानसा एजंट हाय कंपनीचा. त्याचा नंबर आपल्याले देला आन् आपला त्याले."

"मग कळवा ना त्यांना."

"मले इचारलं कोणी?"

"बाबा, माल तिकडे जाईल सगळा."

"जाईन. मले लेखी हुकूम हाय, देलेला नंबर भरा. मी भरून राह्यलो."

त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला आवडलं नाही. मुलीला आईकडे देऊन मी त्याच दिवशी नवऱ्याला पत्र लिहिलं. दोन मलकापुरांचं सगळं सविस्तर लिहिलं, आणि लिहिलं की बाबा काही कळवणार नाहीत, तुम्हीच बघा. उत्तर आलं ते असं. मुलीला देवीची लस टोचली का? दूध नीट पिते का? आणि शेवटी, 'याद्या आम्ही तपासूनच काढल्या आहेत. बाबांनी तुझ्या हातून खोड्या काढू नयेत, आणि तूही ऑफिसच्या गोष्टींत पडू नयेस.'

मी ते पत्र चुलीत घातलं. त्या दिवशी मला दोघांचाही सारखाच राग आला. आधी तो कमीजास्त होत असे. एकाला हसायचं होतं, दुसऱ्याला चुकायचं नव्हतं, आणि मधल्या मुलखात चहा पिणारी माणसं होती, त्यांचं यात काही चाललंच नव्हतं.

चैत्र लागला, लग्नं सुरू झाली. आमच्या डेपोत एका लहान एजंटाला पुरेल एवढा माल आला. उरलेला सगळा कोल्हापूरला जाऊन पडला. त्या एजंटाला माल पुरवणारा तिथला डेपो मुंबईला लिहीत होता की हा आमचा नाही, आणि मुंबई उलट लिहीत होती की यंत्राप्रमाणे तो तुमचाच आहे. इकडे व्यापारी माणसं पाठवत होते. लग्नघरचे लोक चहासाठी दुकानं पालथी घालत होते. मोताळ्यात दुसऱ्या एका कंपनीचा माणूस पोत्यानं पुड्या घेऊन बसला आणि पहिल्या बाजाराला त्यानं चहा फुकट वाटला. बाबा रोज डेपोत जाऊन रिकाम्या गोदामात खुर्ची टाकून बसायचे आणि रोज मुंबईला एक कोरडं पत्र पाठवायचे. माल मिळाला नाही, पुढील सूचनेची वाट पाहत आहोत. कारण कधीच लिहायचे नाहीत.

एका सकाळी मोताळ्याचा तो हातगाडीवाला विक्रेता आमच्या अंगणात आला. बाबा ओसरीत दाढी करत होते, मी मुलीला घेऊन तिथेच बसले होते. तो आत आला नाही, बसला नाही, पाणीही घेतलं नाही.

"साहेब," तो म्हणाला, "डेपोत लोक बोलून राह्यले का तुमाले माहीत होतं. नंबर चुकला ते पहिल्या दिसापासून माहीत होतं. खरं हाय का?"

बाबांनी वस्तरा खाली ठेवला. "तुले कोण सांगतलं?"

"कोणबी सांगो. खरं हाय का?"

"मुंबईची चूक हाय ते."

"मुंबईची असंन. पण तुमाले माहीत होतं!" तो ओरडला. इतका मोठ्यानं, की शेजारचे दारात आले. "तुमच्या जवायाशी तुमचं भांडन. मंग आमच्या पोटावर काऊन पाय देता? तीन बाजार झाले, माही गाडी उभी हाय. लोक त्या दुसऱ्याचा चहा पिऊन राह्यले. ते आता माह्याकडं येतीन का? तुमीच सांगा, येतीन का?"

बाबांच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं, आणि थुंकल्यासारखं करून निघून गेला. फाटक त्यानं उघडंच टाकलं.

बाबा दाढी अर्धीच पुसून स्टेशनावर गेले आणि मुंबईला तार केली. दोन मलकापूर, दोन नंबर, अदलाबदल. पुढे माल आला, पण तोपर्यंत लग्नसराई उरकली होती. मोताळ्याचा बाजार आमच्या कंपनीच्या हातून गेला तो गेलाच. त्या विक्रेत्यानं गाडीवरची आमच्या कंपनीची पाटी काढली आणि तो त्या दुसऱ्यांकडे गेला. बाबा बाजाराच्या दिवशी मोताळ्याला जाईनासे झाले.

चौकशी झाली. मुंबईचं म्हणणं, डेपोच्या मुख्याला चूक दिसत असून त्यानं कळवली नाही. बाबांचं म्हणणं, मला बदल करायची मनाई होती, हा घ्या हुकूम. नवऱ्याला विचारलं गेलं, की यादी तपासली कुणी? यादी त्यांच्याच हाताखाली तपासली गेली होती. माझ्या पत्राबद्दल त्यांनी तिथे काही सांगितलं नाही, आणि बाबांना तर ते पत्र माहीतच नव्हतं. बाबांना मुदतीआधी निवृत्त केलं. नवऱ्याला यंत्राच्या खात्यातून काढून कोपऱ्यातल्या एका टेबलावर बसवलं. दोघांना वाटलं, की दुसऱ्यामुळे आपलं नुकसान झालं.

बाबांनी मला सांगितलं, "तो इथं येऊन माफी मागत नाही तोवर तू जायचं नाही." नवऱ्यानं लिहिलं, 'मी त्या घरात पाय ठेवणार नाही. यायचं असेल तर तू ये.' मुलगी पालथी पडायला लागली होती. तिच्या बापानं तिला अजून पाहिलं नव्हतं.

मी बाबांना म्हणाले, "मी उद्याच्या गाडीनं जाते."

"त्यानं बोलावलं म्हणून?"

"नाही. इथं राहायचं नाही म्हणून."

"म्हणजे बाप चुकला."

"हो, बाबा. तुम्ही चुकलात. तेही चुकलेत, पण ते मी त्यांना तिथं जाऊन सांगेन."

त्यांनी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. म्हणाले, "ऑल राइट." आता ती भाषा माझ्यासाठीही आली होती. आईनं लाडू बांधून दिले आणि ती एकटीच स्टेशनावर आली. गाडी सुटताना ती मुलीचा पाय खिडकीतून धरून चालत होती.

मुंबईत मी नवऱ्याला पहिल्याच दिवशी विचारलं, माझं पत्र आलं होतं हे साहेबांना का सांगितलं नाही? ते म्हणाले, बायकोच्या पत्रावरून मी यादी बदलली असती तर लोक हसले असते. मी म्हणाले, आता हसत नाहीत का? त्यावर आम्ही पुष्कळ दिवस बोललो नाही. मुलगी आधी त्यांना बघून रडायची, मग सवय झाली. मलाही झाली.

काही वर्षांनी कंपनीचं मन पालटलं. सगळं मुंबईतून चालवताना इतके घोटाळे झाले, की विलायतेतून नवा हुकूम निघाला. विभागांना आपापली लहान यंत्रं द्यावीत, माल त्यांनीच ठरवावा, मुंबईला फक्त बेरजा पाठवाव्यात. नागपूरला एक कचेरी निघाली, वऱ्हाड तिच्याखाली आलं. यंत्र जाणणारा माणूस हवा म्हणून कोपऱ्यातल्या टेबलावरून नवऱ्याला उचलून तिथे पाठवलं. नागपूरला आल्यावर महिनाभरात ते जेवताना म्हणायला लागले, "मुंबईला इथलं काय कळतं? अमरावतीला काय लागतं, मेहकरला काय लागतं, हे इथं बसणाऱ्यालाच कळणार."

मी म्हणाले, "हे बाबांचं वाक्य आहे."

"काहीतरीच. मी पद्धतशीर बोलतोय. तुझ्या बाबांचं सगळं तोंडी होतं."

असं म्हणून ते पान सोडून उठले. भाजी चांगली झाली होती. मी जेवले.

बाबांना आईनं नागपूरच्या कचेरीची बातमी सांगितली तेव्हा ते म्हणाले होते, "मी होतो तवा द्यायचं होतं." पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि शस्त्रक्रियेसाठी त्यांना नागपूरला यावंच लागलं. आमच्याकडे उतरले. वय झालं होतं, इंग्रजी सुटली होती. जावयाशी ते बोलत नव्हते, पण जावई खोलीत आला तर उठूनही जात नव्हते. पट्टी निघाल्यावर एक दिवस नवरा स्वतःहून म्हणाले, "कचेरी बघायला येता का? यंत्र दाखवतो." मला आश्चर्य वाटलं. बाबांनी टोपी घातली. दोघं एकाच रिक्षात बसून गेले.

तिथे काय झालं ते मला नंतर दोघांकडून वेगवेगळं कळलं. बाबांनी यंत्रासमोर उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "चिखलीले किती माल जाते?" नवऱ्यानं आकडा सांगितला. बाबा म्हणाले, फार कमी आहे, तो व्यापारी मोठा आहे. नवरा म्हणाले, तो मोठा नव्हता, तुमचा दोस्त होता. बाबा म्हणाले, तुम्ही माझ्याकडून शिकलात आणि माझ्यावरच उलटलात. नवरा म्हणाले, तुम्ही एका नंबरासाठी माझं आयुष्य नासवलंत. कार्डांवर भोकं पाडणाऱ्या मुली काम थांबवून ऐकत होत्या. शेवटी तिथल्या शिपायानं दोघांना बाहेर चला म्हटलं.

दुपारी आमच्या दाराशी एक रिक्षा थांबली, बाबा उतरले, आत जाऊन पिशवी भरायला लागले. थोड्या वेळानं दुसरी रिक्षा आली. नवरा उतरले आणि पुढच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले. मग आतून बाबा मला हाक मारून सांगायला लागले, की कोण काय बोललं. बाहेरून नवराही सांगायला लागले. आपापल्या खोलीतून, एकमेकांचा आवाज ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, दोघंही मलाच विचारत होते, तूच सांग, कोण बरोबर?

मी मुलीला चपला घातल्या, दार बाहेरून लोटून घेतलं आणि तिला घेऊन बागेत गेले. दिवे लागेपर्यंत आम्ही परतलो नाही.